चार लाखांपासून पाऊण लाखापर्यंत

३१ जानेवारी २०२०, शुक्रवार. त्या एका दिवशी भारत संचार निगममधून, म्हणजे बीएसएनएलमधून, ७८,५६९ कर्मचारी स्वेच्छानिवृत्त झाले. मुंबई आणि दिल्लीचे फोन सांभाळणाऱ्या महानगर टेलिफोन निगममधून, एमटीएनएलमधून, त्याच दिवशी आणखी चौदा हजारांवर लोक बाहेर पडले. दोन्ही मिळून सुमारे ९३ हजार. शुक्रवारी संध्याकाळी हजेरीपट निम्म्यावर आले आणि सोमवारी उरलेल्यांनी तीच एक्स्चेंज, त्याच केबल आणि तेच ग्राहक सांभाळायला घेतले.

हे का करावं लागलं, याचं उत्तर सरकारने दोन महिने आधी संसदेत आकड्यांत दिलं होतं. बीएसएनएलच्या उत्पन्नातले ७५ टक्के पगारावर जात होते, एमटीएनएलच्या उत्पन्नातले ८७ टक्के. शेजारच्या रकान्यात खासगी कंपन्या होत्या: एअरटेल २.९५ टक्के, जिओ ४.२७, व्होडाफोन ५.५९. एवढे आकडे पाहिल्यावर वादाला जागाच उरली नाही. माणसं फार झाली, असा निकाल वर्तमानपत्रांनी दिला आणि घरोघरी तो मान्यही झाला.

पण टक्केवारीला अंश असतो तसा छेदही असतो. पगार हा अंश आणि उत्पन्न हा छेद. २०१९ मध्ये सगळा देश अंशाकडे बघत होता. छेद कधी आटला, कसा आटला आणि कोणाच्या निर्णयांनी आटला, हा इतिहास मात्र त्या चर्चेत आलाच नाही. तो सांगायला हवा.

माणसं आली कुठून

मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं जानेवारी १८८२ मध्ये, कलकत्ता आणि मद्रासच्या बरोबरीनं. ते खासगी कंपनीचं होतं. १९४३ मध्ये सरकारनं ते ताब्यात घेतलं. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा सगळ्या देशात मिळून जेमतेम ऐंशी हजार फोन होते, आणि त्यातला एकेक फोन चालता ठेवायला बरेच हात लागत.

परगावी बोलायचं तर ट्रंक कॉल बुक करायचा. ऑर्डिनरी, अर्जंट की लाइटनिंग ते सांगायचं आणि फोनपाशी वाट बघत बसायचं. पलीकडे कानाला हेडफोन लावलेली ऑपरेटर समोरच्या बोर्डावर एका गावाची कॉर्ड दुसऱ्या गावाच्या जॅकमध्ये खोचायची, तिकडच्या ऑपरेटरला साद घालायची, मिनिटांची चिठ्ठी लिहायची. माणसाच्या मध्यस्थीशिवाय थेट परगावी फोन लागण्याची सोय, म्हणजे एसटीडी, भारतात प्रथम १९६० मध्ये कानपूर-लखनौ दरम्यान आली. ती गावोगाव पोचायला पुढं दोन-तीन दशकं गेली.

एक्स्चेंजच्या आतही हातांचंच काम होतं. स्ट्रोजर पद्धतीच्या एक्स्चेंजमध्ये ग्राहकाने एक आकडा फिरवला की रॅकवरचा सिलेक्टर तितक्या पायऱ्या वर उचलला जाई. दिवसभर त्या खोलीत खटखट चालू असे. धूळ बसली, संपर्क झिजला की चुकीचा नंबर लागे. म्हणून टेक्निशियन पाळीपाळीनं ते संपर्क पुसत, घासत, जुळवत.

बाहेर रस्त्यावर केबल जॉइंटर असे. मॅनहोलवर तंबू ठोकून तो खाली उतरायचा. शिशाच्या आवरणातली बाराशे जोड्यांची केबल त्याच्यापुढे उलगडलेली. तांब्याच्या प्रत्येक तारेला कागदाचं वेष्टण. इकडची जोडी तिकडच्या नेमक्या जोडीशी बोटांनी पिळायची, तिच्यावर कागदाची नळी सरकवायची, मग पुढची जोडी. बाराशे जोड्या म्हणजे चोवीसशे तारा. सगळं झाल्यावर शिशाची बाही चढवून ती झाळून बंद करायची. आत पाणी गेलं तर कागद भिजणार आणि शेकडो फोन एकदम डेड होणार, म्हणून केबलमध्ये कोरडी हवा दाबानं भरून ठेवत. तरी पावसाळा आला की १९८ या क्रमांकावर तक्रारींचा ढीग पडे. एक्स्चेंजमधली एमडीएफ या मुख्य जोडणी-चौकटीची जम्पर वायर, तिथून रस्त्यावरचा पिलर, पिलरवरून डीपी ही वाटप-पेटी, डीपीवरून घर, अशा साखळीत दोष नेमका कुठे आहे हे अनुभवी लाइनमन ठोकताळ्यानं ओळखायचा. ते ज्ञान कागदावर कुठेच नव्हतं.

खड्डे खणायला, खांब उभारायला, तारा ओढायला रोजंदारीची माणसं घेतली जात, आणि अशी हजारो माणसं वर्षानुवर्षं रोजंदारीवरच राहिली. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोस्ट आणि तार खात्याच्या रोजंदारी कामगारांच्या बाजूने निकाल दिला. त्यांना समान वेतन द्या आणि टप्प्याटप्प्यानं सेवेत सामावून घ्या, असं सांगितलं. १९८९ मध्ये तशी योजना आली. पुढे ज्यांना ‘अतिरिक्त मनुष्यबळ’ म्हटलं गेलं, त्यांतल्या कित्येकांनी देशभरच्या केबलसाठी खड्डे खणले होते.

खात्याची कंपनी झाली

१९८५ मध्ये टपाल आणि दूरसंचार ही खाती वेगळी झाली. त्याच्या आदल्या वर्षी, १९८४ मध्ये, सी-डॉट ही संशोधन संस्था स्थापन झाली होती आणि सॅम पित्रोदांच्या पुढाकारानं देशी डिजिटल एक्स्चेंज तयार होऊ लागली. १ एप्रिल १९८६ रोजी मुंबई आणि दिल्लीचे फोन खात्यातून काढून एमटीएनएल या कंपनीकडे दिले गेले. डिजिटल एक्स्चेंजमुळे संपर्क पुसणाऱ्यांची गरज संपली, एसटीडीमुळे ट्रंक बोर्ड रिकामे होऊ लागले. तरीही माणसं कमी झाली नाहीत, कारण मागणी त्याहून वेगानं वाढत होती. फोनसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबणाऱ्यांची यादी प्रत्येक शहरात होती. ज्यांना फोन मिळत नव्हता त्यांच्यासाठी नाक्यानाक्यावर पिवळ्या पाटीचे एसटीडी-पीसीओ उघडले आणि रात्री दर उतरले की तिथं रांगा लागू लागल्या.

त्या काळातली ग्राहकांची नाराजी खोटी नव्हती. अर्ज करून थांबायचं, फोन बंद पडला की लाइनमनची मनधरणी करायची, बिलाची तक्रार खिडकी-खिडकीवर फिरवायची, हे मध्यमवर्गानं भोगलेलं होतं. बीएसएनएलच्या पडत्या काळात लोकांच्या मनात सहानुभूती कमी का होती, त्याचं एक उत्तर या वर्षांत आहे.

१९९४ च्या धोरणानं खासगी कंपन्यांना दार उघडलं. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत दूरसंचारमंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला. एकाच खात्यानं नियम करायचे आणि त्यानंच सेवाही विकायची, हे आता चालणार नव्हतं. १९९९ च्या नव्या धोरणानंतर सेवा देणारा विभाग वेगळा काढण्यात आला आणि १ ऑक्टोबर २००० रोजी बीएसएनएलचा जन्म झाला.

त्याआधी सप्टेंबरमध्ये कर्मचाऱ्यांनी तीन दिवस संप केला. प्रश्न साधा होता: सरकारी नोकरीत आलो, आता कंपनीत ढकलता, उद्या कंपनी बुडाली तर पेन्शनचं काय? सरकारनं पेन्शन नियमांत ३७-अ हे कलम घातलं आणि खात्यातून आलेल्यांच्या निवृत्तिवेतनाची जबाबदारी स्वीकारली. जवळपास चार लाख माणसं या शब्दावर कंपनीत आली.

उत्पन्नाचं शिखर

पुढची पाच-सहा वर्षं भरभराटीची होती. १९ ऑक्टोबर २००२ रोजी लखनौमध्ये पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयींच्या हस्ते बीएसएनएलची मोबाइल सेवा सुरू झाली. सिमकार्डासाठी गावोगावी रांगा लागल्या. खासगी कंपन्या मोठ्या शहरांत गुंतलेल्या असताना बीएसएनएलचा टॉवर तालुक्याच्या गावी उभा राहत होता. २००४-०५ मध्ये कंपनीचा नफा दहा हजार कोटींवर गेला. २००५-०६ मध्ये उत्पन्नानं ४० हजार कोटींचा टप्पा ओलांडला. तेव्हाही कंपनीत तीन लाखांवर माणसं होती, आणि ‘माणसं फार झाली’ हे वाक्य कुठल्या मथळ्यात नव्हतं.

या शिखराचा पाया मात्र ठिसूळ होता. एसटीडी-आयएसडीचे चढे दर आणि लँडलाइनचं भाडं हे उत्पन्नाचे मोठे झरे होते. ग्रामीण लँडलाइनचा तोटा भरून काढायला खासगी कंपन्यांकडून २००३ पासून एक विशेष आकार मिळे, तोही २००८ मध्ये संपला. १ मार्च २००६ पासून रुपयात देशभर बोलण्याची योजना आली आणि एसटीडीचा जुना झरा आटला. देशात लँडलाइनची संख्या त्याच सुमारास पाच कोटींच्या आसपास पोचून उतरणीला लागली. हे जगभर घडत होतं आणि कोणाच्याही हातचं नव्हतं. एकच मार्ग होता: मोबाइलमध्ये जोरात उतरायचं.

हुकलेली वर्षं

बीएसएनएलनं तशी तयारीही केली होती. २००६ मध्ये साडेचार कोटी नव्या मोबाइल जोडण्यांच्या यंत्रसामग्रीची निविदा निघाली. बाद ठरलेली एक कंपनी न्यायालयात गेली. २००७ मध्ये मंत्री बदलले, दर जास्त आहेत असा आक्षेप आला आणि अखेरीस ऑर्डर निम्म्यावर आणली गेली. नंतर ९.३ कोटी जोडण्यांची आणखी मोठी निविदा काढली, ती २०१० मध्ये रद्दच झाली.

देशात तेव्हा दर महिन्याला लाखो नवे मोबाइल ग्राहक येत होते. लोक मोबाइलला पहिल्यांदा हात लावत होते आणि जो नंबर घेतील तोच पुढं वर्षानुवर्षं ठेवणार होते. नेमक्या त्याच काळात बीएसएनएलकडे क्षमता नव्हती. सिम मिळेना, मिळालं तर कॉल लागेना. खासगी कंपनी मागणी दिसताच यंत्रसामग्री मागवत होती. सरकारी कंपनी निविदा, आक्षेप, न्यायालय आणि चौकशी या फेऱ्यात अडकली होती. या फेऱ्यातला एकही निर्णय लाइनमननं घेतलेला नव्हता.

२००८-०९ मध्ये नफा ५७५ कोटींवर घसरला, पुढच्याच वर्षी १,८२३ कोटींचा तोटा झाला. त्यात २०१० चा स्पेक्ट्रम आला. सरकारी कंपन्यांना थ्रीजी आणि ब्रॉडबँडच्या लहरी लिलावाआधी मिळाल्या, पण किंमत मात्र लिलावात खासगी कंपन्यांनी लावलेल्या बोलीइतकी द्यावी लागली. बीएसएनएलनं सुमारे १८,५०० कोटी भरले आणि तिची गंगाजळी संपली. एमटीएनएलनं सुमारे ११ हजार कोटी भरले, तेही बरेचसे कर्ज काढून. ब्रॉडबँड लहरींचे पैसे पुढे बऱ्याच अंशी परत मिळाले, पण कर्जाच्या व्याजाचं चाक तोवर फिरायला लागलं होतं. एकेकाळी रोकड बाळगून असलेली, ‘नवरत्न’ दर्जा मिळवलेली, न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नोंदलेली एमटीएनएल त्या कर्जाखालून पुन्हा उठली नाही.

त्याच वर्षी सॅम पित्रोदांच्या समितीनं अहवाल दिला. सुमारे एक लाख कर्मचाऱ्यांना स्वेच्छानिवृत्ती द्या, काही भागभांडवल विका, व्यवस्थापन बदला, असं त्यात होतं. कामगार संघटनांनी भागविक्रीला आणि कर्मचारीकपातीला विरोध केला. ज्या बदलांना त्यांनी खुलेपणानं हात घालायला हवा होता, तिथंही त्या नकारावर अडून राहिल्या. पण यंत्रसामग्री वेळेवर घेण्याचा, निर्णयाचे अधिकार कंपनीला देण्याचा मुद्दा तर संघटनांच्या हातात नव्हता. तोही तसाच पडून राहिला.

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ बाजारात आली, फक्त फोरजी घेऊन आणि सुरुवातीला फुकट. सगळ्या बाजाराचे दर कोसळले. पुढच्या काही वर्षांत एअरसेल, रिलायन्स कम्युनिकेशन्ससारख्या कंपन्या बंद पडल्या, त्यांची हजारो माणसंही रस्त्यावर आली. व्होडाफोन आयडियानं २०१९-२० मध्ये ७३ हजार कोटींवर तोटा दाखवला. पगाराचं प्रमाण पाच-सहा टक्के असलेली कंपनी हा तोटा दाखवत होती. आणि बीएसएनएल या लढाईत फोरजीच्या लहरींशिवाय उभी होती. तिला त्या देण्याचा निर्णय झाला २३ ऑक्टोबर २०१९ रोजी, जिओनंतर तीन वर्षांनी.

दोन रकाने, एक भागाकार

आता त्या ७५ टक्क्यांकडे परत बघू. २००८-०९ मध्ये बीएसएनएलचं उत्पन्न होतं ३५,८०० कोटी, माणसं सुमारे तीन लाख. माणशी उत्पन्न साधारण १२ लाख. २०१८-१९ मध्ये उत्पन्न १९,३०० कोटी, माणसं पावणेदोन लाखांच्या आत. माणशी उत्पन्न पुन्हा साधारण तेवढंच. दहा वर्षांत उत्पन्न जितकं घसरलं, जवळपास तितक्याच प्रमाणात माणसंही कमी झाली होती. त्यासाठी कुठलंही पॅकेज लागलं नव्हतं. लोक साठाव्या वर्षी निवृत्त होत गेले आणि त्यांच्या जागा बहुतांशी भरल्या गेल्या नाहीत.

मग टक्का ७५ वर का गेला? कारण दहा वर्षांत महागाईनं आणि वेतनसुधारणेनं माणशी पगार वाढला, तो वाढणारच होता. माणशी उत्पन्न मात्र जागच्या जागी राहिलं. ते वाढवायचं तर नवी सेवा, नव्या लहरी, नवी यंत्रं हवी होती. मोठ्या संख्येनं असलेले पन्नाशीपुढचे, केबल आणि एक्स्चेंजच्या कामात मुरलेले कर्मचारी मोबाइलच्या कामाला कमी पडत होते, हेही खरं. मात्र त्यांना नवं काम शिकवायला आधी कंपनीकडे ते नवं काम असायला हवं होतं.

शेजारच्या रकान्यातले तीन-चार टक्केही नीट वाचायला हवेत. एअरटेलनं २००४ मध्येच आपलं नेटवर्क एरिक्सन आणि नोकियाकडे सोपवलं, संगणकव्यवस्था आयबीएमकडे. टॉवर पुढं वेगळ्या कंपन्यांत गेले. कॉल सेंटर बाहेरचं, सिम विकणारा दुकानदार बाहेरचा, फायबर टाकणारा कंत्राटदार बाहेरचा. ही हजारो माणसं त्याच ग्राहकासाठी राबतात, पण त्यांचा पगार ‘वेतन’ या ओळीत लिहिला जात नाही. बीएसएनएल आपली माणसं आपल्या हजेरीपटावर लिहीत होती. दोन वेगळ्या रीतीनं लिहिलेल्या वह्यांचा एकच भागाकार करून निकाल दिला गेला.

शेवटचं वर्ष

फेब्रुवारी २०१९ चा पगार बीएसएनएलमध्ये वेळेवर झाला नाही; स्थापनेपासून असं पहिल्यांदाच घडलं. एमटीएनएलमध्ये पगार आधीपासूनच लांबत होते. कंत्राटी कामगारांचे हाल सगळ्यांत वाईट. त्यांना महिनोन्महिने काहीच मिळालं नाही आणि त्यांच्यासाठी ना पॅकेज होतं ना पेन्शन.

सरकारनं त्या ऑक्टोबरमध्ये आणलेल्या पॅकेजमध्ये पन्नाशी ओलांडलेल्यांना स्वेच्छानिवृत्ती देऊ केली गेली: झालेल्या सेवेच्या दर वर्षाला ३५ दिवसांचा आणि उरलेल्या सेवेच्या दर वर्षाला २५ दिवसांचा पगार. ४ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर, एवढीच मुदत. बीएसएनएलच्या सुमारे एक लाख पात्र कर्मचाऱ्यांपैकी तीन चतुर्थांशांनी अर्ज भरले. पगार थकलेला, कंपनीचं काय होईल याची खात्री नाही, आणि पेन्शन मात्र सरकारनं हमी दिलेलं. अशा स्थितीत केलेल्या निवडीला कागदावर स्वेच्छा म्हणता येतं. ती किती मोकळी होती हे त्या घरांनाच माहीत.

त्याच डिसेंबरात पॅरिसच्या न्यायालयानं फ्रान्स टेलिकॉम या कंपनीला आणि तिच्या माजी प्रमुखांना दोषी ठरवलं. २२ हजार नोकऱ्या कमी करण्यासाठी कर्मचाऱ्यांचा संस्थात्मक छळ केला आणि त्या काळात अनेक आत्महत्या झाल्या, असा तो खटला होता. तिकडे निदान न्यायालयात हिशेब मागितला गेला. आपल्याकडे लोकांना पैसे देऊन घरी पाठवलं गेलं, हे त्याहून नक्कीच माणुसकीचं होतं. पण हिशेब कोणी मागितला नाही.

त्यानंतर

स्वेच्छानिवृत्तीनं खर्च खरोखरच घटला. बीएसएनएलचा वेतनखर्च निम्म्यावर आला, एमटीएनएलचा पाऊणपट उतरला. वार्षिक तोटा साडेपंधरा हजार कोटींवरून ७,४४१ कोटींवर आला. मात्र २०२०-२१ चं उत्पन्न आदल्या वर्षीपेक्षा थोडं कमीच होतं. माणसं गेल्यानं खर्च वाचतो, ग्राहक येत नाही. उत्पन्न हलू लागलं ते नंतर, सरकारनं २०२२ आणि २०२३ मध्ये मोठं भांडवल आणि लहरी दिल्यावर आणि घराघरांत फायबर पोचू लागल्यावर. २०२४-२५ मध्ये तोटा २,२४७ कोटींवर आला आणि त्या वर्षाच्या शेवटच्या दोन तिमाहींत कंपनीनं थोडा नफाही दाखवला. देशी बनावटीच्या फोरजीचं उद्घाटन झालं सप्टेंबर २०२५ मध्ये, तेव्हा खासगी कंपन्यांचं फाइव्हजी सुरू होऊन जवळपास तीन वर्षं झाली होती. एमटीएनएलचं कामकाज जानेवारी २०२५ पासून बीएसएनएल बघते आहे. मुंबई-दिल्लीची ती कंपनी आता मुख्यतः कर्ज आणि जमिनींच्या रूपानं उरली आहे.

या इतिहासातून मला एवढंच सांगायचं आहे. सार्वजनिक उद्योगाच्या वेतनाची टक्केवारी उद्या पुन्हा कोणी समोर ठेवील: एसटी महामंडळाची, एखाद्या वीज कंपनीची, बँकेची. तेव्हा शेजारी आणखी दोन रकाने मागायला हवेत. गेल्या वीस वर्षांत माणसं किती कमी झाली, हा एक. उत्पन्न वाढवणारी खरेदी किती वर्षं अडली आणि ती कोणाच्या सहीसाठी अडली, हा दुसरा. बीएसएनएलच्या बाबतीत हे दोन रकाने २००७ मध्ये मागितले असते, तर ९३ हजार लोकांना घरी बसवण्यावर खर्च झालेला पैसा टॉवरवर खर्च झाला असता. कर्मचाऱ्यांनी आपल्या वाट्याची किंमत मोजली. ज्यांच्या टेबलावर फायली थांबल्या, त्यांच्या वाट्याचा हिशेब अजून बाकी आहे, आणि तो मागणं हे आपलं काम आहे.